दहावा संगणक



मागच्या महिन्यात एका भगिनीने विचारले होते, "घरच्या लॅपटॉपवर सारखे अपडेट येते. मोबाईलचे नेट त्यातच संपते. मुलाने ते बंद करून टाकले, आणि आता लॅपटॉप पहिल्यापेक्षा चांगला चालतो. मग करायचे कशाला?" प्रश्न साधा आहे आणि त्यातले शेवटचे वाक्य खरेही असू शकते. म्हणून उत्तर देण्याआधी आमच्या शाळेतली एक फजिती सांगते. फजिती माझीच आहे.

आमच्या शाळेत दहा संगणक आहेत. नऊ संगणक-खोलीत, दहावा कार्यालयात बाबूंच्या टेबलावर. सगळ्यांवर डेबियन नावाची लिनक्स प्रणाली आहे. ती फुकट मिळते, जुन्या यंत्रांवरही चालते, उर्दू आणि मराठी दोन्ही लिहिता येतात. खोलीत तार ओढलेली नाही, म्हणून प्रत्येक यंत्राला वायफायचे बोटभर लांबीचे डोंगल लावले आहे. ते डोंगल स्वस्तातले. त्याला चालवणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, प्रणालीसोबत येत नाही, वेगळा तयार करून बसवावा लागतो. तो मीच बसवला होता, आमच्या एका माजी विद्यार्थ्याने फोनवर सांगितले तसा.

एका रविवारी संध्याकाळी मी शाळेत बसून नऊही संगणक अद्ययावत केले. दहाव्याला हात लावला नाही, कारण कार्यालयाला कुलूप होते. खरे सांगायचे तर त्या यंत्राला दीड वर्ष कोणीच हात लावला नव्हता. बाबू म्हणायचे, "टीचर, चालते आहे ना? मग राहू द्या."

सोमवारी आठवीच्या मुलांचे शिष्यवृत्ती परीक्षेचे अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस होता. २६ मुले. सकाळी संगणक सुरू केले तर पहिला आणि दुसरा ठीक, तिसऱ्यापासून नवव्यापर्यंत सातही यंत्रांवर इंटरनेट नाही. डोंगलचा दिवासुद्धा लागत नव्हता. आणि ज्याला मी हात लावला नव्हता तो दहावा? तो मजेत चालत होता.

त्या दिवशी शाळेत मला काय काय ऐकावे लागले ते लिहीत नाही. तीन यंत्रांवर अर्ज भरणे सुरू झाले. शेवटचा दिवस म्हणून संकेतस्थळ रांगत होते, दुपारी वीज गेली. शाळा सुटली तेव्हा दोन अर्ज राहिले होते. त्यातला एक रात्री माझ्या घरी मोबाईलवर भरला. दुसऱ्या मुलीचा फोटो संकेतस्थळ स्वीकारत नव्हते. तिचे वडील राईस मिलमध्ये हमाली करतात. पाळी संपवून ते तिला सायकलवर बसवून अंधारात माझ्या घरी घेऊन आले. नवा फोटो काढला, चढवला, आणि ११ वाजून ४० मिनिटांनी पावती निघाली. वीस मिनिटे आणखी गेली असती तर त्या मुलीचे वर्ष माझ्या हातून गेले असते.

बिघाड काय होता, ते त्या विद्यार्थ्याने दुसऱ्या दिवशी समजावले. तो आता नागपूरला अभियांत्रिकी शिकतो.

प्रत्येक संगणकात सर्वांत खाली एक गाभा असतो, त्याला कर्नल म्हणतात. पडदा, कळफलक, डोंगल, सगळ्यांशी बोलणे हे त्याचे काम. हा कर्नल माणसांनी लिहिलेला असतो, अक्षरशः ओळीने ओळ. त्या लिखाणाला मूळ कोड किंवा सोर्स कोड म्हणतात. लिनक्सचा मूळ कोड आज तीन कोटी ओळींच्या पुढे गेला आहे आणि तो कोणालाही वाचता येतो. फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये तो सुरू केला. आज जगभरातले हजारो लोक त्यात भर घालतात, आणि साधारण नऊ-दहा आठवड्यांनी त्याची नवी आवृत्ती निघते.

आमच्या डोंगलचा ड्रायव्हर हा कर्नलच्या मापाने शिवलेला कुर्ता आहे असे समजा. कर्नल बदलला की माप बदलते, कुर्ता पुन्हा शिवावा लागतो. संगणक तो आपोआप शिवतो, पण त्यासाठी त्याच्याजवळ नवे माप हवे. ते माप मूळ कोडच्या एका भागात असते, त्याला हेडर म्हणतात. पहिल्या दोन यंत्रांवर मी अशी व्यवस्था केली होती की कर्नलसोबत हेडरही दर वेळी नवे यावेत. पुढच्या सात यंत्रांवर कंटाळा केला आणि त्या दिवशीचे हेडर तेवढे बसवले. रविवारी कर्नल नवा आला, माप जुनेच राहिले, कुर्ता शिवलाच गेला नाही. दहाव्या यंत्रावर काहीच नवे नव्हते, म्हणून त्याचा जुना कुर्ता अंगाला नीट बसत होता.

आणखी एक गोष्ट त्याने सांगितली, ती ऐकून मी कपाळावर हात मारला. नवा कर्नल आला तरी डेबियन मागचा लगेच फेकून देत नाही. संगणक सुरू होताना येणाऱ्या यादीतून मागचा कर्नल निवडला असता तर सातही यंत्रे पाच मिनिटांत चालू झाली असती. "टीचर, तुम्ही सकाळीच फोन का नाही केला?" मी काय सांगणार? चूक लपवण्याच्या नादात फोन केला नव्हता.

आता त्या भगिनीच्या प्रश्नाकडे येते. आमच्या शाळेतही सगळे तेच म्हणू लागले: ज्याला हात लावला नाही तोच चालला. काही दिवस मलाही ते पटले होते. मग मी २०१७ सालच्या एका घटनेबद्दल वाचले, आणि ती आपल्याच महाराष्ट्रातली आहे.

नवी मुंबईजवळ न्हावा शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर आहे. तिथले एक टर्मिनल डेन्मार्कच्या मर्स्क या जहाज कंपनीच्या समूहाकडे होते. २७ जून २०१७ रोजी तिथले संगणक बंद पडले, कंटेनरची ये-जा ठप्प झाली. तशीच अवस्था त्या दिवशी जगातल्या अनेक बंदरांवर होती. कारण होते नॉटपेट्या नावाचे विध्वंसक सॉफ्टवेअर. ज्या फटीतून ते यंत्रांत शिरत होते त्यातली एक विंडोजमधली होती, आणि ती बुजवणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजीच दिले होते. म्हणजे तीन महिन्यांहून अधिक वेळ मिळाला होता. त्याच फटीतून मे महिन्यात वॉनाक्राय येऊन दीडशेवर देशांत धुमाकूळ घालून गेला होता, तरी कित्येक यंत्रे तशीच होती.

माझ्या मनात रुतले ते पुढचे. नॉटपेट्या एका न सुधारलेल्या यंत्रात शिरला की तिथे साठलेली परवलीची नावे आणि शब्द उचलायचा, आणि ते वापरून त्याच जाळ्यातल्या सुधारलेल्या यंत्रांतही जायचा. शंभरपैकी नव्व्याण्णव यंत्रे नीट ठेवली आणि एक राहिले, तर त्या एकातून बाकीच्यांकडे वाट होती. आमच्या बाबूंच्या टेबलावरचा दहावा संगणक आठवा. सगळ्या मुलांच्या जन्मतारखा, आधार क्रमांक, पालकांचे बँक खाते, सगळे त्याच्यावर. आमच्याकडे विंडोज नाही, नॉटपेट्या आमच्यावर आला नसता, हे खरे. पण फटी लिनक्समध्येही सापडतात, म्हणून तर अपडेट येतात.

मर्स्कचे पुढे काय झाले? जगभरातले ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक त्यांना नव्याने उभे करावे लागले, तेही दहा दिवसांत. त्यांच्या जाळ्याची नोंदवही ज्या यंत्रांवर होती ती सगळी नष्ट झाली होती. एकच प्रत वाचली, आफ्रिकेतल्या घाना देशात, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेलेली होती. आपल्याकडे वीज गेली की आपण महावितरणच्या नावाने बोटे मोडतो. त्या दिवशी मात्र वीज गेल्याने एवढी मोठी कंपनी वाचली.

एवढे वाचून कोणी म्हणेल, झाले तर मग, अपडेट आले की लगेच करायचे. पण नॉटपेट्या पसरायला सुरुवात कुठून झाली? युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. हल्लेखोरांनी त्या कंपनीच्या यंत्रात शिरून अपडेटमध्येच विष कालवले होते. ज्यांनी इमानदारीने अपडेट केले त्यांच्याच घरात ते आधी आले.

तेव्हा नवे घ्यायचे, पण ते कोणाच्या हातून आले हे पाहून घ्यायचे. ही गोष्ट आपल्या घरांत नवी नाही. हदीसच्या विद्वानांनी वचन ऐकले की आधी विचारले: तुला हे कोणी सांगितले, त्याला कोणी सांगितले? ती साखळी, म्हणजे इस्नाद, तुटकी निघाली तर वचन कितीही सुंदर असो, ते बाजूला ठेवत. दीन आणि संगणक यांची बरोबरी करण्याचा माझा हेतू नाही. पण सनद विचारण्याची सवय ज्या उम्मतीत इतकी जुनी आहे, तिच्या मुलांनी व्हॉट्सॲपवर आलेले कुठलेही ॲप दाबून मोकळे व्हावे, याचे मला वाईट वाटते.

सनद कशी तुटते याचे अलीकडचे उदाहरण लिनक्सच्याच जगातले आहे. एक्सझेड नावाचे एक छोटे सॉफ्टवेअर आहे, फाइली आवळून लहान करण्यासाठी. ते एकच माणूस फावल्या वेळात सांभाळत होता. 'जिया टॅन' या नावाने कोणीतरी त्याला मदत करू लागला. दोन वर्षांहून अधिक काळ चांगले काम करून त्याने विश्वास मिळवला, किल्ल्या हातात आल्या, आणि २०२४ च्या सुरुवातीला दोन आवृत्त्यांमध्ये त्याने चोरदरवाजा बसवला. ते दार उघडणारी कडी फक्त वाटपासाठी बांधलेल्या गाठोड्यात होती. सर्वांना वाचता येणाऱ्या मूळ कोडमध्ये ती नव्हतीच. दोन्ही एकच आहेत असे सगळे धरून चालले होते.

पकडले कोणी? आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या अभियंत्याने. दूरच्या यंत्रात शिरायला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे, हे त्याच्या लक्षात आले. बहुतेकांनी ते सोडून दिले असते. त्याने मुळाशी जाऊन पाहिले आणि २९ मार्च २०२४ रोजी जगाला कळवले. डेबियनच्या चाचणीसाठीच्या शाखांमध्ये ती आवृत्ती पोचली होती, सामान्य लोक वापरतात त्या स्थिर शाखेत नव्हती. आमच्या शाळेत स्थिर शाखाच आहे. तीही मुद्दाम निवडलेली नाही, त्या विद्यार्थ्याने सांगितले म्हणून. आज त्याचे आभार मानते.

आता आम्ही शाळेत कसे करतो ते सांगते, कारण जिथे दोन-चार यंत्रे आहेत अशा घरांना आणि मदरशांनाही ते उपयोगी पडेल.

पूर्वी प्रत्येक यंत्र आपले आपले अपडेट आणायचे. एकाला ६०० एमबी लागले तर दहांना ६ जीबी, तेही माझ्या मोबाईलच्या नेटवर. एकच वस्तू दहा वेळा दूरवरून आणायची हा शुद्ध इस्राफ. आता पहिल्या यंत्रावर एक साठवण केली आहे. पहिले यंत्र बाहेरून आणते, बाकीची नऊ त्याच्याकडून घेतात. आमच्या गोंदिया जिल्ह्यात धानाला पाणी असेच जाते. कालव्यावर प्रत्येकाचा पाट नसतो, पाणी वरच्या बांधीत येते, धुऱ्याची वाट फोडली की खालच्या बांधीत उतरते. मुलांना मी हेच उदाहरण दिले, आणि शेतकऱ्यांच्या मुलांना ते माझ्याआधी समजले. एकाने लगेच विचारले, "टीचर, वरच्याने पाण्यात औषध टाकले तर?"

प्रश्न बरोबर होता आणि इथे बांधीचे उदाहरण थांबते. डेबियनच्या प्रत्येक गाठोड्याचा एक ठसा असतो. आतले एक अक्षर बदलले तरी ठसा बदलतो. सगळ्या ठशांच्या यादीवर डेबियनची डिजिटल सही असते. गाठोडे पहिल्या यंत्राकडून आले तरी प्रत्येक यंत्र सही आणि ठसा स्वतः तपासते, जुळले नाही तर घेत नाही. मी मुलांना तरावीहची आठवण दिली. हाफिजसाहेब पढतात, मागे सामे उभे असतात. एक हरकत इकडची तिकडे झाली तर सामे लुकमा देतात. कुरआन दोघांच्याही छातीत असतो, म्हणून चूक पुढे सरकत नाही.

त्या विद्यार्थ्याकडे कर्नलचा पूर्ण मूळ कोड असतो, त्याच्या तीन यंत्रांवर. तो गिट वापरतो. हे साधन लिनस टोरवाल्ड्स यांनीच २००५ मध्ये बनवले. पहिल्या वेळी सगळे आणावे लागते आणि ते बरेच जड जाते. नंतर मात्र जेवढे बदलले तेवढेच येते. तोही एका यंत्रावर आणून बाकी दोघांना घरातल्या घरात देतो. त्यातही प्रत्येक बदलाचा ठसा मागच्या ठशावर बेतलेला, म्हणजे साखळीच. शाळेला एवढ्याची गरज नाही. आम्हाला कर्नल आणि त्याचे हेडर एका जोडीने यावेत एवढेच पुरे, आणि ती व्यवस्था आता दहाही यंत्रांवर आहे.

एकाच वेळी सगळी यंत्रे करायची नाहीत, हे मी त्या सोमवारी शिकले. महिन्याच्या पहिल्या शनिवारी फक्त पहिले यंत्र. आठवडाभर मुले ते वापरतात. काही बिघडले नाही तर पुढच्या शनिवारी बाकीची. अर्जांच्या शेवटच्या आठवड्यात कशालाच हात लावायचा नाही. अगदी तातडीची फट असेल तर विद्यार्थ्याला विचारून. सोबत एक साधी वही आहे: तारीख, यंत्राचा क्रमांक, कर्नलची आवृत्ती, करणाऱ्याची सही. दहा ओळी, आणि दहांमध्ये आकडा एकच दिसला पाहिजे.

हे फक्त चोरांच्या भीतीने करायचे असे नाही. तुम्हाला आठवत असेल, रुपयाचे नवे चिन्ह जुलै २०१० मध्ये ठरले आणि कित्येक दिवस संगणकावर त्या जागी रिकामी चौकट दिसायची. 'ॲ' हे आपले मराठी अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले, पण जुन्या विंडोज एक्सपीवर तेही चौकटच. मी घरी प्रश्नपत्रिका बनवायची, शाळेत छापली की 'ॲ' गायब, आणि उर्दूचे नस्तालीक जाऊन सपाट नस्ख. मजकूर एकच, दोन यंत्रांवर दोन रूपे. ज्यांनी एकाच पानावर दोन लिप्या लिहिल्या आहेत त्यांना हे दुःख माहीत आहे.

त्या भगिनीसाठी आता थोडक्यात. मुलाने बंद केलेले अपडेट सुरू करून घ्या. लॅपटॉपवर विंडोज १० असेल तर त्याचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. यंत्र चालते राहील, फटी मात्र पहिल्यासारख्या बुजवल्या जाणार नाहीत. जुन्या लॅपटॉपवर विंडोज ११ बहुधा बसणार नाही. इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. तेव्हा लॅपटॉप भंगारात देण्याआधी लिनक्सचा विचार करा. केरळमध्ये सरकारी शाळांनी तो वर्षानुवर्षे वापरला आहे. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात मराठीतून धडे मिळतात. घरात विंडोजची दोन-तीन यंत्रे असतील तर 'डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन' या नावाची सोय सेटिंगमध्ये आहे. ती एका यंत्राने आणलेले अपडेट घरातल्या दुसऱ्याला देते. नेट वाचेल. फोनच्या सेटिंगमध्ये सुरक्षा अपडेटची तारीख दिसते, तीही एकदा वाचा. माझ्या अम्मींच्या फोनवर ती चार वर्षांपूर्वीची निघाली, आणि पेन्शनचे सगळे संदेश त्याच फोनवर येतात.

आणि मुलाला रागावू नका. त्याला विचारा की अपडेट केल्यावर नेमके काय बिघडले होते. बहुतेक वेळा त्याच्याजवळ खरे कारण असते, जसे माझ्या डोंगलचे होते.

त्या रात्री सायकलवरून आलेली मुलगी आता नववीत आहे. वहीत नोंद करण्याचे काम ती करते. मागच्या शनिवारी तिने वही माझ्यासमोर धरली. नऊ ओळींत आकडा एकच, दहावी ओळ रिकामी. कार्यालयात बाबू दाखले छापत होते. म्हणाले, "टीचर, सोमवारी बघू." ती मुलगी वही घेऊन त्यांच्या टेबलाशी उभीच राहिली, मीही तिच्या शेजारी. बाबूंनी खुर्ची सोडली तेव्हा दुपारचा एक वाजून गेला होता.